टेंपरेचरमधला 'ई'

ब्रॉनविन अख्टरबर्ग या बाईंचं पहिलं पत्र आलं तेव्हा हार्लन ट्वेट स्वयंपाकघरात उभ्याउभ्या टोस्ट खात होता. पत्र वाचून त्याने टोस्ट तसाच हातात धरला आणि बायकोला हाक मारली. तसं कारणही होतं. सहा वर्षांत त्याच्या ड्रायव्हरबद्दल कुणी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे. हार्लन पोटापाण्यासाठी केटल बे गावच्या पाणीखात्यात मीटर तपासायचा. पण वीस वर्षांपूर्वी, मिनेसोटातल्या एका लांबलेल्या हिवाळ्यात, त्याने नॉर्डेन कंपनीच्या एका कार्डासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. हे कार्ड कंप्युटरात बसवलं की आठ ठिकाणचं तापमान मोजता येई. कार्ड एक भाषा बोलायचं, कंप्युटर दुसरी, आणि मधला दुभाषा म्हणजे हा ड्रायव्हर. जगभरचे लोक मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम बांधतात आणि फुकट वाटतात. तिच्यात हार्लनचा ड्रायव्हर सामील झाला आणि सांभाळ करणाऱ्यांच्या लांबलचक यादीत त्याचं नाव लागलं. पुढे दोन वर्षांत नॉर्डेन कंपनी बुडाली. हार्लनचं नाव मात्र यादीत राहिलं. घरी पाहुणे आले की जेवण झाल्यावर तो ते नाव पडद्यावर काढून दाखवायचा. आर्डिसच्या बहिणीने ते चार वेळा पाहिलं होतं आणि चारही वेळा "अरे वा" म्हटलं होतं.

"काय म्हणतायत बाई?" आर्डिसने विचारलं. ती शाळेच्या ऑफिसात होती आणि सकाळी तिला वेळ नसे.

"कॅनडातल्या आहेत. चौतीस वर्षं वर्तमानपत्रात प्रुफं तपासायच्या. आता निवृत्त झाल्यात आणि प्रोग्रामिंग शिकतायत. माझ्या ड्रायव्हरमध्ये त्यांना एक दुरुस्ती सुचवायची आहे."

"मोठी आहे?"

हार्लनने खाली वाचलं. कार्ड सुरू झालं की ड्रायव्हर 'कार्ड सापडलं.' अशी नोंद करायचा. अशा नोंदींच्या शेवटी पूर्णविराम नसावा असा आता संकेत आहे, सबब तो काढावा, असं बाईंचं नम्र म्हणणं होतं.

"तशी मध्यम आहे," हार्लन म्हणाला.

त्या संध्याकाळी तो अंगणातला बर्फ उपसत असताना शेजारचा मर्ल कूसिस्टो आपलं फावडं टेकून उभा राहिला. मर्लने चाळीस वर्षं खनिज वाहणाऱ्या बोटींच्या इंजिनखोलीत काढली होती. त्यामुळे यंत्र म्हटलं की त्यातलं आपल्याला सगळं कळतं, आणि यंत्र नसलं तरी बरंचसं कळतं, असं त्याचं मत होतं.

"पूर्णविराम काढा म्हणते?" मर्लने विचारलं. "मग काढ की."

"तसं नसतं मर्ल. आधी परीक्षण करावं लागतं."

"पूर्णविरामाचं?"

"हो."

"त्यात बघायचं काय? आहे की नाही, एवढंच ना?"

"योग्य आहे का, ते बघायचं. मग आपण सही करायची, मग ते वरच्या माणसाकडे जातं. त्याने घेतलं की त्याच्या वरच्याकडे."

मर्लने यावर थोडा विचार केला. "मग एकदम हो म्हणू नकोस," तो म्हणाला. "पहिल्या झटक्यात हो म्हणणाऱ्या माणसाला कुणी मोजत नाही. आमच्या बोटीवर नवा साहेब आला की पहिल्या दिवशी काहीतरी खोट काढायचाच. काहीच सापडलं नाही तर हँडलं पुसायला लावायचा."

हार्लनला हे पटायला नको होतं. पण सहा वर्षांनी कुणीतरी आपल्याला विचारलंय, आणि आपण नुसतं 'बरं' म्हणून मोकळं व्हायचं, हे त्यालाही जरा खालच्या दर्जाचं वाटत होतं. दोन तास बसून त्याने उत्तर लिहिलं. आपल्या सूचनेचं स्वागत आहे. तथापि एकाच नोंदीतला पूर्णविराम काढल्याने ड्रायव्हरच्या एकंदर शैलीत विसंगती निर्माण होईल. तरी सर्वच नोंदींचा साकल्याने विचार व्हावा. 'साकल्याने' या शब्दावर तो बराच खूश होता.

चौतीस वर्षं प्रुफं तपासलेल्या बाईला सर्वच नोंदींचा साकल्याने विचार करा असं सांगितल्यावर काय होतं, हे त्याला चौथ्या दिवशी कळलं. एकतीस पत्रं आली. प्रत्येक पत्रात एक दुरुस्ती, वर जुनी ओळ, खाली नवी ओळ, आणि ती का बदलावी याचं स्पष्टीकरण. सतरा पूर्णविराम गेले. जुन्या पद्धतीच्या छापण्याच्या आज्ञा जाऊन त्या जागी नव्या आल्या. एकाच नोंदीत ड्रायव्हरचं नाव दोनदा येत होतं, ते एकदा झालं. ऐंशी अक्षरांत मावावी म्हणून मधेच तोडलेली वाक्यं पुन्हा जोडली गेली. एका जागी तरुणपणीच्या हार्लनने ओळीने तीन उद्गारचिन्हं टाकली होती. त्याबद्दल बाईंनी फक्त 'ही आवश्यक वाटत नाहीत' असं लिहिलं होतं, पण वाचताना हार्लनचे कान तापले. आणि एकोणिसाव्या पत्रात त्यांनी दाखवून दिलं होतं की 'टेंपरेचर' या शब्दाच्या स्पेलिंगातला मधला 'ई' गळालेला आहे. सगळीकडे. वीस वर्षं.

"वीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही?" आर्डिसने विचारलं.

"बोलताना तो कुणी उच्चारतच नाही," हार्लन म्हणाला.

एकतीस पत्रं सर्वांना वाचता येणाऱ्या ईमेल यादीवर गेल्याने ती वरच्या माणसालाही दिसली. या वरच्या माणसाचं नाव गिडियन पेल. तो कोलोरॅडोत कुठेतरी राहायचा, असले तीनशे ड्रायव्हर त्याच्या हाताखाली होते, आणि त्याच्या पत्राला मायना किंवा समाचार यांपैकी काही नसे. त्याने लिहिलं: 'हा ड्रायव्हर कुणी वापरतं का? नसेल तर पुढच्या खेपेस काढून टाकतो. जी.'

हार्लनने ते पत्र सहा वेळा वाचलं. दोन ओळींचंच असल्याने त्याला वेळ लागला नाही. मग तो तळघरात जाऊन वॉशिंग मशीनवर बसला. आर्डिस कपडे घेऊन खाली आली तेव्हा तो तिथेच होता.

"उठ, मला कपडे टाकायचेत," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "वापरत असेल की कुणीतरी."

"सहा वर्षांत एक पत्र नाही, आर्डिस. वापरणारं कुणी असतं तर निदान तक्रार तरी केली असती."

"क्लबात आहे ना?"

क्लबात होतं. गावच्या कर्लिंग क्लबात बर्फ राखणाऱ्या यंत्राचं तापमान मोजायला चौदा वर्षांपूर्वी हार्लननेच ते कार्ड बसवलं होतं. पण स्वतःच बसवलेलं कार्ड वापरणारा म्हणून मोजायचं, हे आपल्याच दुकानात आपणच गिऱ्हाईक म्हणून जाण्यासारखं होतं. तरीही त्याने गिडियनला लिहिलं, की एका महत्त्वाच्या क्रीडासंस्थेत हा ड्रायव्हर अहोरात्र कार्यरत आहे. उत्तर आलं: 'एक. बरं. जी.'

आता या एकतीस दुरुस्त्या नीट पार पाडून दाखवायच्या, म्हणजे ड्रायव्हरला जिवंत माणूस आहे हे जगाला दिसेल, असं हार्लनने ठरवलं. पण जगाला दिसणं सोपं नसतं. त्याने पहिली सही करून पत्र धाडलं, तेव्हा चार मिनिटांत उत्तर आलं आणि त्याला भरून आलं. ते एका यंत्राचं उत्तर होतं. येणारं प्रत्येक पत्र तपासून कडक शब्दांत चुका सांगायला कुणीतरी हे यंत्र बसवून ठेवलं होतं. हार्लनच्या ईमेल प्रोग्रामने ओळींच्या सुरुवातीची टॅबं काढून त्या जागी मोकळ्या जागा भरल्या होत्या, त्यामुळे पत्र बाद. त्याने ते पुन्हा पाठवलं. पुन्हा बाद. पाचव्यांदा बाद झाल्यावर ब्रॉनविनबाईंनी त्याला ईमेल कसं लावायचं याची अकरा पायऱ्यांची यादी पाठवली, शुद्धलेखनासह. जिचं परीक्षण करायचं तिच्याकडूनच शिकवणी घ्यायची वेळ आली, हे त्याने मर्लला सांगितलं नाही.

दरम्यान ब्रॉनविनबाईंच्या दुरुस्त्यांची दुसरी आवृत्ती आली, मग तिसरी. अपूर्णविरामाच्या दोन टिंबांनंतरचं अक्षर मोठं असावं की लहान, यावर यादीतल्या परक्या माणसांनी बेचाळीस पत्रं लिहिली. त्यातल्या एकानेही ड्रायव्हर उघडून पाहिला नव्हता. पत्र क्रमांक तीसच्या आसपास त्यांच्यातल्या दोघांचं एकमेकांशी बोलणंच बंद झालं, आणि दोघांनीही ते पत्र लिहून जाहीर केलं.

चौथ्या आवृत्तीत बाईंनी एक शंका विचारली. 'श्री. ट्वेट, नोंद क्रमांक तेवीस अशी आहे: काहीतरी भलतंच झालंय, हार्लनला फोन करा. त्यापुढे एक नंबर आहे. हा नंबर चालू आहे का?'

पत्र नेमकं आर्डिसने पाहिलं. "हा कुणाचा नंबर?" तिने विचारलं. "आपला तर हा कधीच नव्हता."

"तेव्हा मी एका फ्लॅटमध्ये राहायचो."

"कुणाच्या?"

हार्लनने ताटातल्या बटाट्या-खिम्याच्या हॉटडिशचा मोठा घास घेतला आणि तो बराच वेळ चावला. मॅरिबेथ नावाची एक मुलगी आर्डिसच्या आधीच्या काळात होऊन गेली होती, हे आर्डिसला ठाऊक होतं. पण तिचा नंबर जगभरच्या कंप्युटरांत वीस वर्षं फिरतोय, हे नवीन होतं. आर्डिसने ताबडतोब फोन उचलून तो लावला. पलीकडे दाताचा दवाखाना निघाला. तिने तितक्याच शांतपणे हार्लनसाठी मंगळवारची वेळ घेतली. दाढ गेली दोन वर्षं दुखतच होती.

सातव्या आवृत्तीला यंत्राची तक्रार नव्हती, परक्यांचा उत्साह संपला होता, हार्लनच्या एकतीस सह्या झाल्या होत्या. तेव्हा गिडियनचं पत्र आलं: 'खऱ्या कार्डावर चालवून पाहिलं का? जी.'

खरं कार्ड क्लबात होतं. हार्लन शनिवारी सकाळी सातला क्लबात गेला आणि तिथल्या कंप्युटरवर नवा ड्रायव्हर चढवला. नोंदी पडद्यावर उमटू लागल्या. पूर्णविराम नाहीत, उद्गारचिन्हं नाहीत, मॅरिबेथ नाही. दर पाच मिनिटांनी 'टेंपरेचर ठीक' अशी ओळ येत होती, संपूर्ण स्पेलिंगासह. पाऊण तास तो ते बघत बसला. इतकं नीटनेटकं आपल्या हातून आयुष्यात काही झालं नव्हतं, हे त्याच्या मनात आलं. मग घरी जाऊन त्याने 'तपासलं: हार्लन ट्वेट' अशी ओळ घातलेलं पत्र पाठवलं. वीस मिनिटांत गिडियनचं उत्तर: 'घेतलं. जी.' हार्लनने आर्डिसला मिठी मारली. ती पीठ मळत होती, त्यामुळे तिला ती परत करता आली नाही.

दुपारी क्लबात ज्येष्ठांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. बर्फावरून जड दगड सरकवत न्यायचा आणि रंगीत वर्तुळाच्या मध्यावर थांबवायचा, पुढे दोघांनी ब्रशने बर्फ घासून त्याला वाट करून द्यायची, असा हा खेळ. मर्लचा शेवटचा दगड बाकी होता. तो मध्यावर गेला तर मर्लचा संघ अकरा वर्षांनी जिंकणार होता. मर्लने दगड सोडला. दगड अर्ध्या वाटेवर असताना क्लबातला अमोनियाचा भोंगा वाजला.

बर्फ गोठवणाऱ्या यंत्रातला अमोनिया गळला तर माणसं दगावतात, म्हणून भोंगा वाजला की कुणी विचार करायचा नसतो. ब्रशवाल्या दोघांनी ब्रश टाकले आणि दाराकडे धाव घेतली. शंभरेक माणसं उणे एकोणीस तापमानात क्लबाचे गुळगुळीत तळव्यांचे जोडे घालून पार्किंगमध्ये उभी राहिली आणि एकेक करून घसरू लागली. बंब आला. मुखवटे लावून माणसं आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, काही नाही, सगळं ठीक आहे.

"माझा दगड कुठे थांबलाय?" मर्लने त्यांना विचारलं.

"कुठला दगड? मधे एक होता, तो आम्ही पायाने बाजूला केला."

स्पर्धा रद्द झाली. रविवारी भोंगा पुन्हा वाजला, तेव्हा क्लबात फक्त पॅनकेकचा नाश्ता चालू होता. अग्निशमनवाल्यांनी तीन पानी फॉर्म दिला. त्यात 'कारण' या रकान्यात काय लिहायचं यावर समितीची बैठक बसली आणि क्लबातलं यंत्रांतलं कळणारा माणूस म्हणून हार्लनला बोलावलं गेलं.

हार्लनने भोंग्याची स्क्रिप्ट, म्हणजे भोंगा कधी वाजवायचा ते ठरवणारा छोटा प्रोग्राम, उघडली. 'टेंपरेचर ठीक' ही ओळ दर पाच मिनिटांनी येते का ते बघायचं, सहा तास ती आली नाही तर यंत्र मेलं असं समजून भोंगा वाजवायचा, असं त्यात लिहिलं होतं. आणि ती ओळ शोधताना स्क्रिप्ट जो शब्द शोधत होती, त्यातला मधला 'ई' गळालेला होता. लिहिणाऱ्याचं नाव सर्वांत वर होतं.

त्याने इकडेतिकडे बघितलं. समिती कॉफी पीत होती. त्याने एक 'ई' टाकला, फाइल बंद केली आणि म्हणाला, "एक वायर सैल होती."

फॉर्मवर 'सैल वायर' लिहिलं गेलं. समितीने हार्लनचे आभार मानले, इतिवृत्तात नोंद केली आणि त्याला लिंबाच्या बारचा, म्हणजे गोड वड्यांचा, एक डबा दिला. तो घरी नेताना त्याला तो फार जड लागला. वाटेत मर्ल भेटला.

"वायर होती म्हणे," मर्ल म्हणाला.

हार्लनला खोटं पचत नसे. त्याने सगळं सांगून टाकलं. मर्लने डबा उघडला, एक बार खाल्ला, मग दुसरा.

"एका अक्षरासाठी माझा दगड गेला," तो म्हणाला.

"हो."

"आता गप्प बस. कुणाला सांगू नकोस. त्या कॅनडावालीला तर मुळीच नको."

मर्लचा सल्ला या वेळी हार्लनला फारच पटला. तो दोन महिने गप्प बसला. नवी आवृत्ती जगभर गेली. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मॅनिटोबाहून एका बटाटेवाल्याचं पत्र आलं. त्याच्या कोठाराचा भोंगा रविवारी प्रार्थना चालू असताना वाजला, चार शेतकरी आणि एक पाद्री धावत आले, बटाटे मजेत होते. हे कुणी केलं, असा त्याचा साधा प्रश्न होता. पाठोपाठ ट्राउट माशांची पैदास करणाऱ्या एका बाईचं पत्र आलं. मग आणखी एक. मग दोन.

हार्लन चक्रावला. या सगळ्यांच्या स्क्रिप्टमध्ये तीच चूक कशी? त्याने ड्रायव्हरबरोबर जाणारी माहितीची फाइल उघडली. तळाशी 'भोंगा कसा लावावा: नमुना' या मथळ्याखाली त्याची स्वतःची स्क्रिप्ट होती. चौदा वर्षांपूर्वी त्यानेच उत्साहाने जोडली होती. जगाने ती जशीच्या तशी उतरवून घेतली होती, गळालेल्या 'ई'सकट.

आता मात्र गप्प बसणं शक्य नव्हतं. त्याने यादीवर सर्वांना वाचता येईल असं पत्र लिहिलं. चूक माझी, नमुना माझा, परीक्षण माझं, तपासणीची सहीही माझी. क्लबातला भोंगा वाजला तेव्हाच मला कळलं होतं, पण मी वायर सैल होती असं सांगितलं. आणि कोठारं नि तळी चालू राहावीत म्हणून तो शब्द पूर्वीसारखा चुकीचा करावा अशी विनंती आहे.

ब्रॉनविनबाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'श्री. ट्वेट, चौतीस वर्षांत मी छापील मजकुरात जाणूनबुजून एकही चूक घातली नाही. सोबत दुरुस्तीचा पॅच जोडला आहे. तो तयार करताना मला दोनदा उठून पाणी प्यावं लागलं. चूक सर्वत्र सारखी केली आहे. अर्धवट चूक मला सहन झाली नसती. वर एक टीप घातली आहे, तिचं परीक्षण व्हावं.' टीप अशी होती: 'या शब्दाचं स्पेलिंग चुकीचं आहे, हे आम्हाला माहीत आहे. कृपया सुधारू नये.'

हार्लनने या वेळी खोट काढली नाही. पहिल्या झटक्यात हो म्हटलं. यंत्राने मात्र स्पेलिंग चुकल्याची तक्रार केलीच. त्यावर गिडियनने स्वतः यंत्राला गप्प राहायला सांगितलं आणि पॅच घेतला. खाली त्याने एक ओळ जास्त लिहिली होती, आणि त्याच्या मानाने ती लांबलचक होती: 'वापरणारे बरेच आहेत असं दिसतं. ड्रायव्हर ठेवतो. जी.'

क्लबात हार्लनने समितीसमोर वायरीचं खरं सांगितलं, तेव्हा इतिवृत्तातले आभार ठराव करून मागे घेण्यात आले. मर्लने 'सल्ला माझा होता' असं उभं राहून सांगितलं, आणि मग आपला दगड मध्यावरच थांबला होता असं इतिवृत्तात घालायची सूचना मांडली. ती एका मताच्या फरकाने फेटाळली गेली.

शेवटचं पत्र व्हरमाँटमधल्या एका दूधवाल्याचं होतं. ते रविवारी नाश्त्याच्या वेळी आलं आणि हार्लनने ते आर्डिसला मोठ्याने वाचून दाखवलं. दुधाच्या टाकीचा भोंगा गायी धारेला बांधलेल्या असताना वाजला होता. साठ गायी बुजल्या, त्यातली एक शेजाऱ्याच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. हा ड्रायव्हर ज्या गाढवाने सांभाळायला घेतलाय त्याला बालवाडीत परत पाठवावं, तिथेही तो नापास होईल, असं दूधवाल्याने लिहिलं होतं, आणि पुढे गाढवाच्या घराण्याबद्दलही थोडं लिहिलं होतं. वाचता वाचता हार्लनचा चेहरा उजळत गेला.

"तुला आनंद कशाचा झालाय?" आर्डिस म्हणाली. "शिव्या देतोय तो."

"देतोय ना. पण इथे बघ, काय लिहिलंय." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "नऊ वर्षं वापरतोय म्हणतो. रोज."

आर्डिसने खुर्ची जवळ ओढली आणि चष्मा लावला.

"सुरुवातीपासून वाच," ती म्हणाली. "गाढवाच्या घराण्याचं मघाशी मला नीट ऐकू आलं नाही."